पोलीस ठाण्यात कसं उभं राहायचं: दारव्ह्याकडच्या एका शिबिराविषयी

आधी जेवणाचं सांगते, कारण शिबिराहून आलं की गावात पहिला प्रश्न तोच येतो. सकाळी तर्री-पोहे, दुपारी वरण-भात, आलू-वांग्याची भाजी, भाकर आणि ठेचा, रात्री झुणका. चांगलं होतं. दुसऱ्या दिवशी वरणात मीठ जास्त पडलं, पण विहाराच्या मागे चुलीवर एवढ्या माणसांचं रांधणाऱ्या बायांना ते सांगायची माझी हिंमत नाही. फी शंभर रुपये, बेड्यावरच्या, म्हणजे विमुक्त जमातीच्या वस्तीवरच्या लोकांना माफ.

यवतमाळ जिल्ह्याच्या दारव्हा तालुक्यातल्या एका गावच्या बुद्ध विहारात हे दोन दिवसांचं शिबिर झालं. फाट्यावर एसटी सोडते, तिथून चालत जायचं किंवा कुणाच्या मोटारसायकलवर बसायचं. पत्रकावर मोठ्या अक्षरात एवढंच होतं: घरच्या माणसाला पोलिसांनी उचलून नेलं तर काय करायचं, ते शिकवू. खाली बारीक अक्षरात, अमेरिकेतल्या काळ्या वस्त्यांनी पोलिसांच्या मारहाणीविरुद्ध कशी बांधणी केली, तेही सांगू. बहुतेकजण मोठ्या अक्षरांसाठी आले होते. मीही.

माझं तहसीलसमोर झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. सातबारा, जातीचा दाखला, पीकविमा, ही रोजची कामं. अधूनमधून कुणीतरी घाबरलेल्या चेहऱ्याने येतं आणि म्हणतं, ताई, पोरगा रात्रीपासून ठाण्यात आहे, अर्ज लिहून द्या. अर्ज कुणाच्या नावे, त्यात काय मागायचं, हे त्यांना माहीत नसतं. 'माझा मुलगा निर्दोष आहे, तरी कृपा करावी' असले अर्ज मी पुष्कळ टाइप केले आहेत. त्यांचं पुढे काय होतं, ते कळत नाही. कृपा मागितली की पोच मिळत नाही, एवढं मात्र पाहिलं होतं.

पहिला दिवस अर्धा अमेरिकेतच गेला. नागपूरहून आलेला, समाजकार्यात एमएसडब्ल्यू झालेला पोरगा सांगत होता. सांगायला चांगला, पण घाई फार. प्रोजेक्टर भिंतीवर मारला होता आणि खिडक्यांना पडदे नव्हते, त्यामुळे दुपारपर्यंत फोटोंतली माणसं ओळखू येत नव्हती. तरी गोष्ट पोचली. ऑगस्ट १९६५ मध्ये लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात पोलिसांनी एका काळ्या तरुणाची गाडी अडवली, त्यावरून वस्ती पेटली आणि ३४ माणसं मेली. त्यानंतर तिथल्या लोकांनी स्वतःच्या गाड्या काढून पोलिसांच्या गाड्यांमागे फिरायला सुरुवात केली. मध्ये पडायचं नाही, पाहायचं आणि लिहून घ्यायचं. ऑक्टोबर १९६६ मध्ये ओकलंड शहरात ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ब्लॅक पँथर पार्टी काढली, तेव्हा तीच रीत घेतली आणि तिला बंदूक जोडली. कॅलिफोर्नियात त्या वेळी भरलेली बंदूक उघड दिसेल अशी बाळगणं गुन्हा नव्हता. पोलिसांनी रस्त्यात कुणाला थांबवलं की हे लोक अंतर राखून उभे राहायचे आणि न्यूटन कायद्याच्या पुस्तकातली कलमं मोठ्याने वाचायचा. १९६७ मध्ये तिथल्या विधिमंडळाने मलफोर्ड कायदा आणून बंदूक अशी बाळगणंच बंद केलं. त्यावर सही करणारे गव्हर्नर रोनाल्ड रेगन, जे पुढे राष्ट्राध्यक्ष झाले.

बंदुकीचं नाव निघताच मागची पोरं सरसावून बसली. पँथर म्हटलं की आमच्या भागात नामांतराच्या आठवणी निघतात. मुंबईत १९७२ मध्ये दलित पँथर उभी राहिली ती याच नावावरून, हे म्हाताऱ्यांना पाठ होतं, पोरांना नव्हतं. मग पोरगा फ्रेड हॅम्प्टनवर आला. शिकागोतला पँथर पुढारी, वय २१, डिसेंबर १९६९ मध्ये पहाटे पोलिसांनी घरावर धाड घातली आणि बिछान्यातच गोळ्या घालून मारलं.

तेव्हा पहिल्या रांगेतले एक काकाजी म्हणाले, "म्हंजे पुस्तक वाचूनही मारलंच न बापा?"

पोरगा पुढच्या स्लाइडवर गेला. माझ्या मते शिबिराची सगळ्यात कच्ची जागा ही. लोक शेतीची कामं टाकून येतात ते याच प्रश्नासाठी, आणि त्याला उत्तर द्यायची तयारी शिकवणाऱ्याची नसली तर वॉट्स काय आणि ओकलंड काय, सिनेमाची गोष्ट होऊन बसते.

उत्तर दिलं ते जेवणानंतर यवतमाळच्या कोर्टात वकिली करणाऱ्या ताईंनी. त्यांच्याकडे प्रोजेक्टर नव्हता, खडू होता. त्यांनीही शिकागोचंच सांगितलं. जॉन बर्ज नावाचा पोलीस अधिकारी आणि त्याच्या हाताखालचे लोक १९७२ पासून १९९१ पर्यंत संशयितांना विजेचे झटके देत, तोंडावर पिशवी आवळत, आणि कबुलीजबाब काढून घेत. शंभराहून जास्त माणसं, जवळजवळ सगळी काळी. त्यांच्या आया, सुटून आलेली माणसं, वकील, कॉलेजची पोरं, सगळे वर्षानुवर्षं मागे लागले. मुदत उलटून गेल्यामुळे छळाचा खटला त्याच्यावर चालूच शकला नाही. २०१० मध्ये तो दोषी ठरला तो शपथेवर खोटं बोलल्याबद्दल, आणि साडेचार वर्षांची शिक्षा झाली. पण लोक तिथे थांबले नाहीत. मे २०१५ मध्ये शिकागो महापालिकेला भरपाईचा ठराव करावा लागला: ५५ लाख डॉलर, छळ सोसलेल्यांसाठी उपचाराचं केंद्र, त्यांना आणि घरच्यांना शहराच्या कॉलेजांत मोफत शिक्षण, आणि सरकारी शाळांत आठवी-दहावीच्या पोरांना हा सगळा इतिहास शिकवायचा.

"पुस्तक वाचूनही मारलं, काकाजी," ताई म्हणाल्या, "पण ज्यांनी तारखा लिहून ठेवल्या होत्या, त्यांना नाकारता आलं नाही."

काकाजींचं समाधान झालं की नाही, सांगता येत नाही. ते विडी ओढायला बाहेर गेले.

ताईंनी आपल्याकडचंही काढलं, आणि ते अंगावर आलं. आमच्याच विदर्भातलं, गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा, म्हणजे देसाईगंज. मार्च १९७२ मध्ये तिथल्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केला, ते मथुरा प्रकरण. सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडलं, नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये पुन्हा सोडलं. पुढच्या वर्षी कायदा शिकवणाऱ्या चार जणांनी, उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर यांनी, सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. त्यातून बायांची आंदोलनं उभी राहिली आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. अटकेचे आज सगळीकडे सांगितले जाणारे डी. के. बसू निकालाचे नियम, तेही १९८६ मध्ये पश्चिम बंगालमधून सर्वोच्च न्यायालयाला गेलेल्या एका पत्रापासूनच सुरू झाले. निकाल लागला डिसेंबर १९९६ मध्ये. अर्ज टाइप करून पोट भरणाऱ्या बाईला हे ऐकून बरं वाटलं, ते लपवत नाही.

दुसरा दिवस मात्र पूर्ण पैसे वसूल.

सकाळी गोंधळानेच सुरुवात झाली. रात्री पोरांचं ठरलं होतं की ओकलंडसारखं आपणही बीटच्या, म्हणजे पोलिसांच्या गस्तीच्या जीपमागे मोटारसायकली लावायच्या, मोबाइल चालू ठेवून. नागपूरच्या पोराला ते आवडलेलं दिसलं. तेवढ्यात बेड्यावरची एक म्हातारी उठली. नाव देत नाही.

"बाप्पा, त्या ओकलंडातला पोलीस जीप घेऊन गेला की गेला. आमचा जमादार उद्या सकाळी पुन्हा येते. त्याले माहं घर माहीत, माही सून कोणाच्या शेतात निंदाले जाते तेही माहीत. तुमी मोबाइल धरान अन् यवतमाळले जान. मंग?"

शिबिर घेणाऱ्यांनी हे वाक्य पत्रकावर छापावं. शहरातल्या काळ्या वस्तीत पोलीस बाहेरून यायचा, वस्तीचा नसायचा, म्हणून त्याच्यावर लांबून नजर ठेवण्यात अर्थ होता. आमच्या बीट जमादाराला, म्हणजे गावाकडे नेमलेल्या हवालदाराला, गावातला पोलीस पाटील चहा पाजतो, तो सरपंचाच्या लग्नात जेवतो, आणि ठाण्याच्या शांतता समितीत कोण बसणार तेही ठाणेदारच ठरवतो. तिकडे शिकागोत लोकांनी भांडून २०२१ मध्ये ठराव करून घेतला, आणि फेब्रुवारी २०२३ पासून तिथल्या २२ पोलीस विभागांत प्रत्येकी ३ अशी ६६ माणसं लोक मतं देऊन निवडतात, पोलिसांना जाब विचारायला. आमची समिती सणाच्या आधी जमते, चहा पिते आणि फोटो काढते. हा फरक पोराने पहिल्या दिवशीच सांगायला हवा होता.

म्हातारीच्या बोलण्यावर ताईंनी जीपचा विषय बंद केला आणि कामाचं काढलं. जीपमागे जायचं नाही, ठाण्यात जायचं. एकट्याने नाही. दोन बाया, एक वयस्क, एक लिहिणारा. लिहिणाऱ्याने बोलायचं नाही. किती वाजता पोचलो, कोण ड्यूटीवर होतं, छातीवरच्या पट्टीवर काय नाव होतं, काय उत्तर मिळालं. पोलिसाच्या अंगावर नाव दिसलं पाहिजे, हे बसू निकालातच आहे, आणि आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६ मध्येही. अटक झाली असेल तर अटकेचा मेमो, त्यावर घरच्या किंवा गावातल्या माणसाची साक्ष, नातेवाइकाला खबर, वैद्यकीय तपासणी, आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत न्यायाधीशासमोर.

मग नाटक झालं, आणि इथे शिबिराने खरी कमाल केली. ठाणेदाराचं काम करायला त्यांनी एक निवृत्त जमादार आणला होता. खरा. पोट सुटलेलं, पान खाणारा, आणि लोकांना कसं टाळायचं याचा आयुष्यभराचा अभ्यास. आम्ही चौघं अर्ज घेऊन समोर गेलो.

"साहेब बाहेर आहेत."

"तुमचा कोण लागते तो?"

"इथी नाहीच तो, कोनं सांगतलं तुले?"

आणि शेवटचं, सगळ्यात हुशार: "अटक नाही केली बाई, चौकशीले बोलावलं. चहा पिऊन जाईल घरी."

तिथे आमची बोलती बंद झाली. अटकच नाही म्हटल्यावर मेमो नाही, २४ तासही मोजता येत नाहीत. ताईंनी तिथे थांबवून फळ्यावर लिहिलं: चौकशीला बोलावलं असेल तर लेखी नोटीस कुठे आहे? संशयिताला त्याच नव्या संहितेच्या कलम ३५(३) ची, साक्षीदाराला कलम १७९ ची. आणि साक्षीदार बाई असेल, किंवा पंधराच्या आतला मुलगा वा साठीच्या वरचा पुरुष असेल, तर त्याला ठाण्यात बोलावताच येत नाही, घरी येऊन विचारायचं. हे ऐकल्यावर बेड्यावरच्या बाया एकमेकींकडे पाहायला लागल्या. नवरा सापडला नाही की बायकोला ठाण्यात बसवून ठेवायचं, हे त्यांच्याकडे इतकं नेहमीचं आहे की त्याला बेकायदा म्हणतात हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. १८७१ च्या कायद्याने यांच्या अख्ख्या जमातीवर गुन्हेगाराचा शिक्का मारला, ३१ ऑगस्ट १९५२ ला तो काढला, पण कुठे मोटारपंप चोरीला गेला की जीप अजून बेड्यावरच जाते.

निवृत्त जमादाराने स्वतःहून एक गोष्ट शिकवली. ती कुठल्याच पुस्तकात नसेल. म्हणाला, रागावलेल्या माणसाला ठाण्यात कुणी भीत नाही, रागावलेला माणूस रोज येतो. भीती वाटते ती वेळ विचारून लिहिणाऱ्या बाईची. (याला शिबिरात आणायचं कुणाला सुचलं, त्याला माझ्याकडून आयुष्यभर झेरॉक्स फुकट.)

मोबाइलचंही नीट सांगितलं. वर्ध्याच्या एका प्रकरणात नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये म्हटलं की पोलीस ठाणं हे शासकीय गुपितं कायद्यातलं निषिद्ध ठिकाण नाही, त्यामुळे तिथे व्हिडिओ काढला म्हणून त्या कायद्याखाली गुन्हा होत नाही. पोरांनी टाळ्या वाजवल्या. ताई लगेच म्हणाल्या, त्या कायद्याखाली होत नाही, दुसरं कलम लावायला त्यांना वेळ लागत नाही. म्हणून व्हिडिओ काढणारा आणि भांडणारा एकच नको. मिनियापोलिसमध्ये मे २०२० ला जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर पोलीस गुडघा देऊन बसला होता, तेव्हा १७ वर्षांची एक मुलगी बाजूला उभी राहून मोबाइल धरून होती. पोलिसांच्या पहिल्या पत्रकात त्या मृत्यूला वैद्यकीय कारणाने घडलेली घटना म्हटलं होतं. व्हिडिओ आला नसता तर तो कागद कायम राहिला असता. पुढच्या वर्षी त्या पोलिसाला साडेबावीस वर्षांची शिक्षा झाली.

आणि ठाण्यातले कॅमेरे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये देशातल्या प्रत्येक ठाण्यात ते लावायला आणि रेकॉर्डिंग १८ महिने जपायला सांगितलं आहे. माणूस उचलला त्याच दिवशी अर्ज द्यायचा: अमुक तारखेचं, अमुक वेळेचं फुटेज जपून ठेवावं. अर्ज घेतला नाही तर स्पीड पोस्टाने पोलीस अधीक्षकांना. हा नमुना मी आता दुकानात सेव्ह करून ठेवला आहे. मोफत वकील हवा तर विधी सेवेचा नंबर १५१००. तो सगळ्यांच्या हातावर मार्करने लिहून घेतला, अमेरिकेत मोर्चाला जाताना वकिलाचा नंबर लिहितात तसा. एप्रिलच्या घामाने संध्याकाळपर्यंत सगळ्यांचे हात निळे झाले होते. पोरांनो, आमच्या उन्हात नंबर पाठच करा.

आता पुस्तिका. वीसेक पानांची, स्टेपल मारलेली, शिबिराच्या फीमध्ये मिळते. धंदाच हा असल्याने बोलते: टोनर संपत आलेल्या मशीनवर काढली आहे, आणि दोन पानं उलटी लागली आहेत. ते चालेल. पण अर्ध्या पुस्तिकेत जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेची कलमं आहेत, १५४, ४१-अ, १६०. नवी संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. कुणीतरी पेनाने काही ठिकाणी दुरुस्ती केली आहे, काही ठिकाणी नाही. फळ्यावर १७९ शिकवायचं आणि हातात १६० द्यायचं, याने माणूस ठाण्यात गेल्यावर हास्यास्पद ठरतो. ठाणेदाराला तेवढंच निमित्त पुरतं. ही चूक लहान नाही.

बाकी तक्रारी: बायांसाठी एकच संडास आणि त्याला कडी नाही. एकीने आत जायचं आणि दुसरीने दार धरायचं, असं चाललं. रात्री लाइट गेली तेव्हा पंखेही गेले. आणि गावातले एक मामाजी दोन्ही दिवस धुऱ्याचं भांडण घेऊन बसले होते, प्रत्येक सत्रात हात वर करून तेच. जमिनीच्या भांडणासाठी हे शिबिर नाही, हे पत्रकावर लिहा.

शिबिराचा उपयोग झाला का? पेरणीनंतर आमच्या जवळच्या बेड्यावरून एका पोराला पंपचोरीच्या संशयात नेलं. त्याची आई, शिबिरातली ती म्हातारी, एक शिक्षक आणि मी ठाण्यात गेलो. उत्तरं जवळजवळ तीच मिळाली जी निवृत्त जमादाराने नाटकात दिली होती. म्हातारीला हसू आवरेना, तिला कोपराने दाबावं लागलं. लेखी नोटीस मागितली. वेळ लिहून घेतली. फुटेजचा अर्ज दिला, पोच मिळाली नाही, मग पोस्टात टाकला. संध्याकाळी पोराला ३५(३) ची नोटीस हातात देऊन सोडलं. अंगाला हात लावला नव्हता. पण त्याची मोटारसायकल ठाण्यातच राहिली, आणि ती सोडवायला पुढे कोर्टात वकील लावावा लागला, त्याबद्दल शिबिरात एक शब्दही नव्हता. जप्त केलेली वस्तू परत कशी मिळवायची, यावर पुढच्या वेळी तासभर ठेवा. बेड्यावरच्या माणसाची मोटारसायकल गेली की त्याची मजुरी गेली. नंतर तिथल्या एका शिपायाने माझ्या दुकानात येऊन, हे सगळं कोण शिकवून रायलं, असं विचारलं आणि आधारचे झेरॉक्स काढून पैसे देऊन गेला.

पाचपैकी साडेतीन देते. दुसरा दिवस एकटा असता तर साडेचार दिले असते.

कुणी जावं? ज्यांच्या घरची, गल्लीतली माणसं कारण नसताना उचलली जातात, त्यांनी. आणि शक्य असेल तर तिघं-चौघं एकाच गावचे जा. एकटं शिकून आलेल्या माणसाला ठाण्यात सोबत कोण येणार? बाया जास्त न्या. अंथरूण-पांघरूण आपलं न्यावं लागतं. पुढचं शिबिर सोयाबीन निघाल्यावर, दिग्रसच्या बाजूला, असं कळलं आहे. पुस्तिकेची कलमं दुरुस्त करून मी आयोजकांना पाठवली आहेत. त्यांनी होकार दिला तर नवी प्रत कागदाच्या खर्चात छापून देईन, दोन्ही बाजूंनी, सरळ.